‘कोसला’ वाचतांना

ज्या ग्रंथाची कीर्ति वर्षानुवर्षें कानीं येते, तो हातीं घेतांना मनांत कुतूहलाबरोबर थोडा धाकही असतो. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ ही कादंबरी १९६३ सालीं प्रसिद्ध झाली, तेव्हां ग्रंथकर्त्याचें वय अवघें २५ वर्षांचें होतें. पुढें २०१४ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांस मिळाला. तिची स्तुति करणारे व तिच्यावर तुटून पडणारे, असे दोन्ही पक्ष आम्हीं ऐकिले होते.

महाविद्यालयांतील काळीं गुपितें म्हटलीं कीं वाचकाच्या मनांत एखादा खून येतो. डोना टार्ट या अमेरिकन लेखिकेच्या १९९२ सालच्या गाजलेल्या कादंबरींत ग्रीक भाषेचे विद्यार्थी आपल्याच सोबत्यास ठार मारितात. ‘कोसला’मध्यें तसें कांहीं नाहीं. खानदेशांतील सांगवी गांवचा पांडुरंग सांगवीकर पुण्यास शिकावयास येतो, वसतिगृहांत राहतो, मेसचा कारभार अंगावर घेतो, मित्रांपायीं सढळ हातानें खर्च करून कर्जांत रुततो. धाकटी बहीण मनी मृत्यु पावते. शिक्षण तडीस जात नाहीं व अखेर तो गांवीं परततो.

मग गुपित तें कोठें? आमच्या मतें तें पांडुरंगाच्या ‘वगैरे’ या आवडत्या शब्दांत आहे. हसतखेळत चाललेलें बोलणें दुःखाशीं येऊन ठेपलें कीं हा शब्द पुढें होतो व आंतलें झांकून घेतो. कोसला म्हणजे कोश. तो असा शब्दाशब्दानें विणला जातो. घरच्यांस पैशाचा हिशेब तेवढा कळतो, मुलगा किती एकटा पडला हें कळत नाहीं.

आमच्या राजगुरुनगराहून पुणें सुमारें ४० किलोमीटर. शालान्त परीक्षेनंतर आमच्यांतील कित्येक जण चाकणचे कारखाने मागें टाकीत त्याच वाटेनें वसतिगृहांत जातील. आमचे थोरले बंधु गतवर्षींच गेले. रोज रात्रीं ते फोनवर मातोश्रींस सांगतात, “जेवलों, अभ्यास चालू आहे, सर्व ठीक वगैरे.” मातोश्री निश्चिंत होतात. ‘कोसला’ वाचून झाल्यावर मात्र एके रात्रीं आम्हीं फोन हातीं घेतला व विचारिलें, “दादा, वगैरे म्हणजे काय?”

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग दादा बोलूं लागला, आणि आम्हीं आईस हांक मारिली.