खाली अजून आहे...

स्क्रोलबार हा काय लेखाचा विषय झाला? हा प्रश्न आमच्या खोलीतल्या दोघांनी आधीच विचारून झालाय. मॅगझिनच्या मराठी विभागात पावसाच्या कविता येतात, मेसच्या पोळीवर विनोद येतात, फायनल इयरवाल्यांचे निरोपाचे लेख येतात. हा लेखसुद्धा शेवटी मेसपर्यंत जाणारच आहे, फक्त वाट जावाच्या स्विंगमधून आहे. तेव्हा मेकॅनिकल आणि सिव्हिलच्या मंडळींनी घाबरून पान उलटू नये. कोडची एक ओळही देणार नाही, शब्द!

पडदा लहान आणि दाखवायचं जास्त, हे संगणकाचं जुनं दुखणं. १९७० च्या दशकात झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रात स्मॉलटॉक तयार झाली, तिच्या विंडोंनाही स्क्रोलबार होते. जावात हे काम जेस्क्रोलपेन नावाचा डबा करतो. डिसेंबर १९९८ मध्ये जावा १.२ बरोबर स्विंग आलं, त्यातलाच हा एक. जीटीकेमध्ये त्याच्या भावाचं नाव स्क्रोल्ड विंडो, क्यूटीमध्ये स्क्रोल एरिया आणि अँड्रॉइडमध्ये स्क्रोलव्ह्यू. घराणं एकच.

या डब्याच्या मधोमध एक खिडकी असते, तिला म्हणायचं व्ह्यूपोर्ट. खिडकीमागे आपला खरा माल असतो: पॅनेल, टेबल, चित्र, काहीही. उजवीकडे आणि खाली एकेक स्क्रोलबार. वर आणि डावीकडे मथळ्यांसाठी जागा. चार कोपरे धरले तर एकूण नऊ भाग होतात (व्हायवाला विचारतात, लक्षात ठेवा). एसटीच्या खिडकीतून बाहेर बघताना गाडी पुढे जाते आणि झाडं मागे पळतात ना? इथेही तसंच. आपण दांडी खाली ओढतो आणि आतला मजकूर वर सरकतो. खिडकी जागची हलत नाही.

आता ही दांडी किती लांब आणि कुठे उभी, हे कोण ठरवतं? त्यामागे फक्त चार आकडे असतात: किमान, कमाल, सध्याची जागा आणि दिसणारा भाग. समजा ३६ नावांची यादी आहे आणि प्रत्येक ओळ २५ पिक्सेलची. म्हणजे माल ९०० पिक्सेल. खिडकी ६०० पिक्सेलची, म्हणजे एका वेळी २४ नावं दिसणार. मग दांडी पट्टीच्या दोन तृतीयांश लांब दिसते, आणि 'सध्याची जागा' ० पासून ३०० पर्यंतच जाते. ९०० पर्यंत नाही, कारण जागा अधिक दिसणारा भाग ही बेरीज कमालच्या पुढे जाऊन चालत नाही. एवढंच गणित. एम-थ्रीपेक्षा नक्कीच सोपं.

३६ हा आकडा मी उगाच घेतलेला नाही. आता मेसकडे वळू.

आमच्या मेसचा हिशेब एका जुन्या बॅचने केलेल्या प्रोग्रामवर चालायचा. कोणाचा तरी मिनी-प्रोजेक्ट होता, चांगला चालला म्हणून ऑफिसात ठेवून घेतला. प्रत्येक मजल्याला एक टॅब, टॅबमध्ये मजल्यावरच्या मुलांची यादी, नावापुढे रिबेटचे दिवस भरायचा चौकोन. प्रोग्राम झाला तेव्हा मजल्यावर १२ खोल्या आणि खोलीत दोघे, म्हणजे २४ जण. पुढे प्रवेश वाढले, खोलीत तिसरी कॉट आली आणि २४ चे ३६ झाले. कॉट कशीबशी मावली. स्क्रीनवर बारा नावं मावली नाहीत.

गंमत म्हणजे बिल सगळ्यांना यायचं, कारण ते थेट डेटाबेसवरून निघायचं. त्यामुळे कोणाला शंका यायचं कारण नव्हतं. रिबेट मात्र याच स्क्रीनवर भरला जायचा. यादी इंग्रजी अक्षरांप्रमाणे, त्यामुळे खाली गेले ते सगळे एस, टी, डब्ल्यू आणि वायवाले. प्रॅक्टिकलची बॅच असो की ओरल, ही मंडळी कायम शेवटीच.

त्यातलाच एक माझा मित्र. वडिलांची बायपास झाली म्हणून ११ दिवस गावी होता. रीतसर अर्ज देऊन गेला, रेक्टर सरांची सहीसुद्धा होती. परत आला तर बिल पूर्ण. दिवसाला ८० रुपयांनी ८८० रुपये. ज्याच्या घरी नुकताच हॉस्पिटलचा खर्च झालाय, त्याला हा आकडा केवढा वाटतो ते सांगायला नको. तो ऑफिसात गेला. क्लार्ककाका स्वभावाने भला माणूस. त्यांनी टॅब उघडला, वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं आणि म्हणाले, "बाळा, यादीत तुझं नावच नाही. वरूनच आलं नसणार." मित्राने आणखी दोनदा चकरा मारल्या आणि सोडून दिलं. कॉम्प्युटरमध्ये नाव नाही म्हटल्यावर कोणाशी भांडणार?

काकांचं तरी काय चुकलं? स्क्रीनवर शेवटची ओळ दिसत होती, तिच्याखाली विंडोची कड होती. खाली अजून बारा जण उभे आहेत, असं सांगणारी एकही खूण तिथे नव्हती.

मित्राने रात्री मेसमध्ये ही हकीकत सांगितली. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं परवानगी काढून तो प्रोग्राम बघायला बसलो. माझी खात्री होती की स्क्रोलपेन लावायचं राहून गेलं असणार. पण नाही, स्क्रोलपेन होतं! यादीचं पॅनेल नीट त्याच्या पोटात होतं आणि तरी स्क्रोलबार गायब. कोड वाचत गेलो तेव्हा उलगडा झाला. पॅनेलला लेआउट दिलेलंच नव्हतं. लेआउटच्या जागी नल, आणि प्रत्येक नावाची जागा हाताने मोजून ठरवलेली.

इथे स्क्रोलपेनचा स्वभाव कळतो. ते आतल्या मालाला एकच प्रश्न विचारतं, "तुला किती जागा हवी?" याला म्हणतात प्रिफर्ड साइझ. उत्तर खिडकीपेक्षा मोठं आलं तर स्क्रोलबार दाखवायचा, लहान आलं तर नाही. हे उत्तर पॅनेलच्या वतीने त्याचं लेआउट देतं, पोटातल्या वस्तूंची मापं मोजून. लेआउटच नसेल तर मोजणार कोण? पॅनेल जवळजवळ शून्य सांगतं. स्क्रोलपेनला वाटतं, माल अगदी छोटा आहे. ते पॅनेलला खिडकीएवढं ताणून बसवतं आणि स्क्रोलबार लावतच नाही. ६०० पिक्सेलच्या खाली जे असेल ते कापलं जातं. ना एरर, ना एक्सेप्शन, कंपायलरही खूश.

दुरुस्ती पाऊण तासाची होती. हाताने दिलेली मापं काढली, पॅनेलला एकाखाली एक रचणारं बॉक्स लेआउट दिलं, आणि उजवीकडे स्क्रोलबार उगवला! मग कळलं की माऊसचं चाक फिरवलं तर यादी मुंगीच्या पावलांनी सरकते, कारण साध्या पॅनेलसाठी एक पाऊल म्हणजे एक पिक्सेल धरलं जातं. ते पाऊल एका ओळीएवढं केलं. नवीन नाव घातल्यावर माप पुन्हा मोजलं जावं म्हणून रिव्हॅलिडेटही टाकलं. खरं तर अशा यादीला जेटेबलच हवं. ते आपलं माप स्वतः सांगतं आणि स्क्रोलपेनमध्ये ठेवलं की मथळ्याची ओळही आपोआप वर चिकटते. पण महिनाअखेर तोंडावर होती.

मग काकांनी स्वतः दांडी खाली ओढली. मित्राचं नाव आलं, त्याखाली आणखी आली. जुने अर्ज काढून ताडले तेव्हा आमच्या मजल्यावर असे तिघे निघाले. पुढच्या बिलात तिघांचेही पैसे वळते झाले. काका एवढंच म्हणाले, "मला वाटलं यादी संपली."

तेव्हापासून मी त्या जुन्या बॅचचा विचार करतोय. त्यांना नावं ठेवायचा माझा विचार नाही, त्यांचा प्रोग्राम त्यांच्या २४ जणांसाठी बरोबर चालत होता. पण आपण सगळेच डेमोला काय करतो? एबीसी, एक्सवायझेड अशी पाच नावं टाकतो, एक्झामिनर मान हलवतात, मार्क पडतात. पाच नावांत स्क्रोलबारची परीक्षा कधी होतच नाही. सहावं नाव कुठे जाईल, हा प्रश्न विचारला जातो तो कोणी तरी खऱ्या रांगेत शेवटी उभा असतो तेव्हा.

आणि दांडीला कमी लेखू नका. १९८४ च्या पहिल्या मॅकिंटॉशमध्ये स्क्रोलबारमधला चौकोन कायम एकाच मापाचा असायचा. तुम्ही कुठे आहात ते कळे, किती उरलंय ते कळत नसे. पुढे दांडीची लांबी मालाच्या प्रमाणात ठेवायची पद्धत रुळली. मग २०११ मध्ये मॅकच्या लायन आवृत्तीत ट्रॅकपॅड वापरणाऱ्यांसाठी स्क्रोलबार एरवी लपूनच राहू लागले, आणि मोबाईलवर तर बोट लावल्याशिवाय ते दिसत नाहीत. दिसायला सुटसुटीत, मान्य. पण ज्याला बोट लावून बघायची सवय नाही, त्याच्यासाठी यादी तिथेच संपते. म्हणून मी आता शेवटची दिसणारी ओळ मुद्दाम अर्धी कापलेली ठेवतो. अर्धं नाव दिसलं की माणूस आपोआप खाली बघतो.

तेव्हा ज्युनिअर मंडळी, या सेमिस्टरच्या मिनी-प्रोजेक्टला एक काम करा. अख्ख्या विंगची नावं टाका, ऑफिसातल्या सगळ्यात जुन्या मॉनिटरवर प्रोग्राम चालवा आणि ज्याने तो लिहिलेला नाही अशा माणसाला सांगा, शेवटचं नाव वाचून दाखव. त्याने वाचलं तर सबमिट करा. नाही वाचलं तर पॅनेलला आधी विचारा, "बाबा, तुझं माप किती?"