हात न लागलेली पेशी

रक्ताच्या नळ्या कॅम्पातल्या रुग्णालयातून निघाल्याचा फोन आला की माझं लक्ष घड्याळाकडे लागतं. फातिमानगर, रामटेकडी, वैदूवाडी, मगरपट्टा चौक... सोलापूर रस्ता तुंबला, तर हडपसरच्या आमच्या प्रयोगशाळेत नळ्या कधी पोचतील ते सांगता येत नाही. गोठू नये म्हणून हिपॅरिन घातलेलं हे रक्त बर्फातही ठेवायचं नसतं. गारठलं किंवा शिळं झालं, की तळाशी जायला हव्यात त्या पेशी वर राहतात आणि नको तिथं मिसळतात.

लशींच्या अभ्यासासाठी मी रक्तातून सीडी४ टी-पेशी, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीच्या एका प्रकारच्या पेशी, वेगळ्या काढते. हडपसरला लशीची ओळख करून द्यायला नको. सीरम इन्स्टिट्यूट १९६६ साली सुरू झाली, ती इथलीच. लस घेतल्यावर अँटिबॉडी किती तयार झाल्या, हे रक्तद्रवात मोजता येतं आणि तो गोठवून महिनोन्‌महिने ठेवता येतो. पण शरीराच्या लक्षात तो जंतू राहिला का, हे तपासायचं तर लक्षात ठेवणाऱ्या पेशीच लागतात, त्याही जिवंत. गणेशखिंडच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातून देशभरच्या प्रयोगशाळांना पेशी मिळतात, त्या वाढवत नेता येतात. एखाद्याच्या शिरेतून आलेली टी-पेशी मात्र त्याचे ताप, त्याच्या लशी, सगळं भोगून आलेली असते. तिला पर्याय नाही.

रक्तात तेवढंच सलाइन मिसळायचं आणि नळी तिरकी धरून ते फायकॉल नावाच्या दाट द्रवावर अलगद सोडायचं. फायकॉलची घनता १.०७७. लाल पेशी त्याहून जड, आपल्याला हव्या त्या हलक्या. ही रीत नॉर्वेच्या आर्ने बोयुम यांनी १९६८ मध्ये मांडली. आजही आम्ही तीच वापरतो. सेंट्रिफ्यूज अर्धा तास फिरतं, तेही ब्रेक बंद ठेवून, कारण यंत्र झटक्यानं थांबलं तर थर विस्कटतात. नळी बाहेर काढली की पिवळ्या द्रवाखाली सायीसारखा पातळ पांढुरका पट्टा दिसतो. एक मिलिलिटर रक्तातून साधारण दहा-वीस लाख पेशी. कितीदाही पाहिला तरी तो पट्टा मला सुंदरच वाटतो.

त्या पट्ट्यात टी-पेशी, बी-पेशी, मोनोसाइट, एनके असा सगळा जमाव असतो. त्यातल्या सीडी४ पेशींना चिकटणारे चुंबकी कण घालून त्या सरळ ओढून घेता येतात. आम्ही तसं करत नाही. नको असलेल्या प्रत्येक पेशीला कण चिकटवतो आणि मिश्रण चुंबकात बसवलेल्या स्तंभातून सोडतो. बाकीच्या अडकतात, सीडी४ खाली उतरतात. पेशीच्या अंगावर काही चिकटलं की तिला तो संदेश वाटू शकतो. मग प्रयोगात ती जागी झाली, ती लशीतल्या प्रथिनामुळे की आमच्यामुळे? म्हणून जिचा अभ्यास करायचा तिला हात लावायचा नाही. यात वेळ जास्त जातो, खर्चही वाढतो; तरी माझ्या मते मार्ग हाच.

शेवटी ट्रायपॅन ब्लू. मेलेली पेशी निळी होते, जिवंत असेल ती रंग आत घेत नाही.

रक्त द्यायला आलेल्या एका सुरक्षारक्षक काकांनी विचारलं होतं, “ताई, एवढ्या रक्तातनं नेमकं काय काढता?” मी त्यांना पट्ट्याचा फोटो दाखवला. बराच वेळ बघून म्हणाले, “म्हणजे माझी कुमक ही.” मग संमतिपत्र पुन्हा पहिल्यापासून वाचून त्यांनी सही केली.

ऑक्टोबर २०२३ मध्ये आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलमधल्या संशोधनातून आलेल्या नेक्सकार१९ या कर्करोगावरच्या उपचाराला भारतात मंजुरी मिळाली. त्यात रुग्णाच्याच टी-पेशी काढून, बदलून त्याला परत देतात. त्याचीही सुरुवात पेशी नीट वेगळ्या करण्यापासूनच होते.

तुमच्याकडे कुणी संशोधनासाठी रक्त मागितलं, तर संमतिपत्र वाचा, रक्ताचं काय करणार ते त्या काकांसारखं विचारा, आणि पटलं तर जरूर द्या.