आधी बादली, मग कागद

उन्हाळा तोंडावर आला की राहाता-संगमनेरकडून फोन सुरू होतात. आंबे बहाराची डाळिंबं झाडावर, विहिरींनी तळ गाठलेला आणि सगळी भिस्त प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्यावर. "भाऊ, तळं गळतंय. कागद बदलावा लागंल का?" मी विचारतो, बादली ठेवली होती का? समोर शांतता.

तळ्याचंच पाणी भरलेली बादली आत उभी करायची, आतली-बाहेरची पातळी सारखी ठेवायची. पंप, भरणा सगळं बंद. दोन दिवसांनी दोन्ही पाणी किती उतरलं ते बघायचं. एप्रिल-मेच्या उन्हात रोज सेंटिमीटरभर पाणी नुसतं उडून जाऊ शकतं आणि पाण्याचा पसारा ३० बाय ३० मीटर असेल तर एका सेंटिमीटरला ९,००० लिटर होतात. बादलीतलंही तेवढंच उतरलं असेल, तर कागदाला दोष देऊ नका. तक्रार सूर्याकडे करा.

तळ्याचं जास्त उतरलं, तर गळती आहे. अशा वेळी लोक घाईने तळं उपसायला निघतात, तिथे मी हात धरतो. कोरड्या कागदावर सुईएवढं भोक सापडणं कठीण. पाण्याला उतरू द्यावं, रोज खूण करावी. वेगाने उतरणारं पाणी एका रेषेवर येऊन बादलीच्या चालीने चालू लागलं, की भोक त्या रेषेच्या जरा वर आहे. मग चारी बाजूंनी तेवढाच पट्टा तपासायचा, कमरेला दोर बांधून. शेवाळलेल्या कागदावर पाय ठरत नाही. पाणी थांबलंच नाही तर भोक तळाशी. संशय असेल तिथे, पाणी स्थिर असताना, पोटॅशियम परमँगनेटची धार सोडावी. रंग भोकाकडे ओढला जातो.

मी आधी सांधे आणि पाइपची कॉलर बघतो. मग कुत्र्याची नखं, उंदीर, खालून टोचणारा लव्हाळा.

मोठ्या प्रकल्पांत विजेने शोधतात. प्लास्टिक वीज अडवतं, भोकातलं पाणी सोडतं. म्हणून पाण्यात प्रवाह सोडून मोजत गेलं की भोकाजवळ आकडा उसळतो. एका शेततळ्यासाठी हा खटाटोप मला परवडणारा वाटत नाही.

ठिगळ मात्र गरम हवेनेच, घासून कोरड्या केलेल्या कागदावर. गोंद पॉलिथिनला धरत नाही.

आणि फोन एप्रिलमध्ये करू नका. बादली जानेवारीत ठेवा. तेव्हा ऊन कमी पाणी नेतं, म्हणून गळती लगेच उघडी पडते आणि दुरुस्तीलाही वेळ मिळतो.