सुट्टीतला ताबा आणि हेळसांडीचे आरोप

घटस्फोटाच्या निवाड्यात मुलाचा कायम ताबा एका पालकाकडे आणि भेटीचा हक्क दुसऱ्याकडे जातो, तेव्हा उन्हाळी सुट्टीची वाटणी बहुधा ‘सुट्टीचा अर्धा काळ’ एवढ्या शब्दांत उरकलेली असते, आणि पुढील अनेक वर्षांच्या तंट्याचे मूळ याच मोघमपणात असते. राज्य मंडळाच्या शाळा साधारणतः मेच्या आरंभापासून जूनच्या मध्यापर्यंत बंद असतात, केंद्रीय मंडळाच्या अनेक शाळांचे नवे वर्ष मात्र एप्रिलमध्ये सुरू होऊन मग सुट्टी लागते. त्यामुळे अर्धा काळ पहिला की दुसरा, शिबिराचे दिवस कोणाच्या वाट्याला धरायचे, मुलाला नेणे-आणणे कोणी करायचे, हे सारे आदेशाबाहेरच राहते. त्यातच न्यायालयांचीही सुट्टी मे महिन्यात येत असल्याने त्याआधीच अर्जांची घाई उडते. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम २६ नुसार निवाड्यानंतरही ताब्याविषयीच्या आदेशात वेळोवेळी फेरबदल करता येतो. मुलाचे वय आणि गरजा बदलतात हे जाणून ठेवलेली ही वाट हटवादी पालकांना दरवर्षी नव्याने भांडण्यास उपयोगी पडते, हा भाग निराळा.

मूल परतले की हेळसांडीचे आरोप सुरू होतात. घामोळे, डासांच्या चाव्यांचे चट्टे, उतरलेले वजन, अपुरा राहिलेला गृहपाठ यांची छायाचित्रे प्रतिज्ञापत्राला जोडली जातात. कायद्याची मोजपट्टी मात्र याहून कडक आहे. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम ७५ नुसार मूल ज्याच्या प्रत्यक्ष ताब्यात आहे, त्याने जाणूनबुजून असे दुर्लक्ष केले की त्यामुळे मुलाला विनाकारण शारीरिक वा मानसिक यातना होण्याचा संभव असतो, तर तो गुन्हा ठरतो आणि त्यासाठी ३ वर्षांपर्यंत कारावास, १ लाख रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सुट्टीपुरता ताबा असलेला पालकही या व्याख्येतून सुटत नाही. गावच्या घरी आजीने नातवाला जमिनीवर गोधडी घालून निजवणे ही हेळसांड नव्हे. दम्याच्या मुलाला धाप लागल्यावर ‘आईने लाडावून ठेवले आहे’ म्हणत दवाखान्यात न नेणे, ही मात्र निश्चितच आहे. दोन घरांच्या रीतींतला फरक आणि मुलाला पोहोचणारी इजा यांची गल्लत वकिलांच्या मसुद्यांत इतकी सर्रास आढळते की खरी तक्रारही त्या ढिगाऱ्यात दबून जाते, आणि मोघम आरोपांचे सर्वांत मोठे नुकसान हेच आहे.

कुटुंब न्यायालय कायदा, १९८४ ने समुपदेशकांची जी व्यवस्था केली, तिचा कस येथे लागतो. ‘कोणाकडे राहायचे?’ हा प्रश्न मुलाला पेचात टाकतो आणि त्याचे उत्तर फारसे उपयोगीही नसते. त्यापेक्षा दुपारी घरात कोण होते, जेवायला काय होते, पडल्यावर औषध कोणी लावले, असे विचारत गेल्यास दिवसाचे चित्र आपोआप उभे राहते. पढवून आणलेले मूल ‘बाबा माझ्याकडे लक्ष देत नाहीत’ हे वाक्य घोटून म्हणते, पण त्या दिवशी काय घडले ते सांगताना अडखळते. अर्थात अडखळणे भीतीपोटीही असू शकते, म्हणून एकाच भेटीवरून निष्कर्ष काढणे धोक्याचे. मुलाच्या मनात दुसऱ्या पालकाविषयी दुरावा पेरला जाण्याच्या या प्रकाराची दखल सर्वोच्च न्यायालयाने विवेक सिंह विरुद्ध रोमानी सिंह या २०१७ च्या निकालात घेतली आहे.

आरोप होताच भेटी पूर्णपणे थांबवण्याची मागणी होते आणि चौकशी संपेपर्यंत शाळा सुरू झालेली असते; म्हणजे आरोप खोटा ठरला तरी सुट्टी गेलेलीच असते. धोका गंभीर नसल्यास रात्रीचा मुक्काम तेवढा वगळून, न्यायालयाच्या आवारातील मुलांच्या खोलीत देखरेखीखाली भेट चालू ठेवणे हा अधिक शहाणपणाचा मार्ग होय, कारण त्यात मुलाचा संपर्क तुटत नाही आणि समुपदेशकाच्या नोंदींच्या रूपाने दोन्ही पक्षांपैकी कोणीही न लिहिलेला पुरावा प्रथमच न्यायाधीशांपुढे येतो.