वैशाखात मुळा धरणावर

भीमजयंतीची धावपळ संपली, पोरांच्या परीक्षा आटोपल्या की आमच्या घरात मुळा धरणाचा विषय निघतो. नगरहून एस.टी.ने राहुरी, तिथून बारागाव नांदूर. भाकरी, ठेचा, पाण्याचा कॅन आणि तंगूसाचे दोन गळ एवढेच सामान. धरणाचे दुसरे नाव ज्ञानेश्वरसागर, साठा २६ टी.एम.सी.चा. पण वैशाखात पाणी पार मागे सरकते आणि भेगाळलेल्या गाळावरून बरेच चालावे लागते. मासेमारीचा ठेका दिलेला असतो, म्हणून गळ टाकण्याआधी काठावर विचारून घ्यावे.

पाणी आटले की मासे आयते सापडतात, असे आम्हालाही वाटायचे. पहिल्या वर्षी भरदुपारी बसलो आणि रिकाम्या हाताने परतलो. मग आमच्या मामांनी शिकवले. पाणी तापले की त्यात विरघळलेली हवा कमी होते, म्हणून उन्हे चढली की मासे काठ सोडतात. कटला पहाटे वरच्या थरात येतो, रोहू मधल्या पाण्यात, मृगळ तळाशी चरतो. वाम दगडाच्या कपारीत किंवा चिखलात दडते, रात्री बाहेर पडते. शिंगाळाही रात्रीचाच, खोल पाण्यातला. चिलापीला मात्र उथळ, कोमट पाणी मानवते. नराने तळात केलेले ताटलीएवढे खळगे काठावरूनही दिसतात. ही आफ्रिकेतली जात, १९५२ साली भारतात आणलेली. पोरांच्या गळाला हीच लागते. मरळ शेवाळाच्या कडेला असते. ती वर येऊन तोंडाने हवा घेते, त्यामुळे कमी पाण्यातही तग धरते.

माशांतही जाती आहेत, पण पाणी कुणी कुणाला बाटवू देत नाही असे तिथे नाही. याच जिल्ह्यातले भंडारदरा धरण डिसेंबर १९२६ मध्ये पुरे झाले आणि पुढच्याच मार्चच्या २० तारखेला बाबासाहेबांना महाडला ओंजळभर पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. काठावर बसले की हे आठवतेच.

गेल्या खेपेला विपश्यना करणाऱ्या आत्याबाई सोबत होत्या. बाभळीखाली बसून त्यांनी सरळ विचारले, "पहिले शील तोंडाने घेता आणि हातात गळ?" मामा म्हणाले, "आक्का, दुष्काळात आपल्या माणसांना याच माशांनी जगवलंय." आत्याबाई म्हणाल्या, "तेव्हा भूक होती. आता सुट्टी आहे." यावर कुणाला बोलता येईना.

वाद मिटला नाही, पण दोन गोष्टी ठरल्या. बुद्धपौर्णिमेला गळ घरीच राहील. आणि पहिला पाऊस पडला की मरळ धरायची नाही. त्या दिवसांत तिच्या लालसर पिल्लांचा थवा पाण्यावर तरंगतो आणि आईबाप खाली राखण करतात. त्यांना उचलले की पिल्ले दुसऱ्या माशांच्या तोंडी जातात. आटत्या डोहात विष टाकणाऱ्यांचे तर नावच नको. १८९७ च्या कायद्यापासून तो गुन्हा आहे, तरी उन्हाळ्यात मेलेल्या बोटभर माशांचा खच आम्ही एका डोहात पाहिला आहे.

त्या दिवशी पोरांना सहा चिलापी मिळाल्या. तीन दगडांची चूल मांडून कालवण आत्याबाईंनीच केले, पोरांना काटे काढून भरवले. स्वतः ठेचा-भाकरी खाल्ली. परतताना एस.टी.त म्हणाल्या, "पुढच्या वर्षी मला वगळू नका."