शिट्टीपर्यंत

शाळेत पी.टी.चे सर गळ्यात काळ्या गोफाला ओवलेली पितळी शिट्टी घालून मैदानावर उभे राहायचे. शिट्टी वाजली की सगळ्यांचे हात एकदम वर. निदान तसं अपेक्षित असे. कवायतीत चुकणारा चटकन डोळ्यांत भरतो. ज्यांचे हात मागे राहत त्यांना रांगेबाहेर काढलं जाई. त्यापेक्षा ‘सर, पोट दुखतंय’ म्हणून आधीच लिंबाखाली जाऊन बसलेलं बरं, हे आम्हा काही मुलींना पाचवीतच कळलं. दहावीपर्यंत तो लिंब आम्हाला पुरला.

मामांच्या तालमीत मात्र शिट्टी नव्हती. मामा कोल्हापूरचे, लाल मातीत वाढलेले. आम्हा मुलींना तालमीच्या उंबऱ्यापर्यंतच मुभा होती, म्हणून आतलं सगळं त्यांच्याच तोंडून ऐकलेलं. नवं पोर आलं की त्याच्या हाती आधी फावडं. ताक, तेल, हळद घालून मळलेली माती उकरायची, वरखाली करायची. मग थोडे जोर, थोड्या बैठका. आकडा वस्ताद ठरवणार, तोही पोराचा दम बघून आणि रात्री जेवलास काय, झोपलास किती, हे विचारून. शेजारी शेजारी घाम गाळणाऱ्या दोघांचे आकडे वेगळे असत आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे. आता तालमीचे गोडवे गाताना एक गोष्ट आपण सोयीने गाळतो. ज्याला खुराक परवडला नाही किंवा दम टिकला नाही, तो आपोआप यायचा बंद होई, आणि त्याला बोलवायला कुणी घरी जात नसे. तालीम पैलवान घडवायला होती. पोस्टात कारकुनी करणाऱ्या माणसाचे गुडघे हा तिचा विषयच नव्हता.

चाळिशी उलटल्यावर रक्तात साखर निघाली. ‘नुसतं चालून भागणार नाही, जरा दम लागेल असं काहीतरी करा,’ असं डॉक्टरांनी सांगितलं. घराजवळच एक जिम होतं. तिथे भिंतीवरच्या फळ्यावर रोजचा व्यायाम लिहिलेला असे आणि सगळ्यांनी तो एकत्र करायचा. अमेरिकेत ग्रेग ग्लासमन यांनी २००० साली क्रॉसफिट कंपनी काढली आणि फळ्याची ही रीत तिथून जगभर गेली. त्यांच्या काही व्यायामांना बायकांची नावं आहेत. ‘फ्रॅन’मध्ये वजन घेऊन बसायचं आणि उठता उठता ते डोक्यावर न्यायचं, जोडीला पुल-अप. दोन्ही आधी २१, मग १५, मग ९, आणि हे किती वेळात संपवलं ते फळ्यावर लिहायचं. ‘सिंडी’त ५ पुल-अप, १० पुश-अप, १५ स्क्वॉट, २० मिनिटांत जितकी आवर्तनं होतील तितकी.

कागदावर दोन्ही सारखीच जीवघेणी. फरक आहे तो शेवटाचा. सिंडीत २० मिनिटं झाली की सगळेच थांबतात. फ्रॅनमध्ये एकेक जण संपवून बाजूला होतो आणि शेवटी एकच माणूस उरतो. आमच्याकडे फ्रॅनच्या जातीचे व्यायाम जास्त. एकदा अशा शेवटी उरलेल्या बाई मला आठवतात. पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला गाठ मारून बांधलेली. बाकीचे संपवून त्यांच्याभोवती गोळा झाले, टाळ्या वाजवू लागले, ‘कम ऑन आंटी!’ अगदी मनापासून, कुणाच्याही मनात खोट नव्हती. बाईंनी संपवलं, हसल्या, पाणी प्यायल्या, चपला घातल्या. पुन्हा काही दिसल्या नाहीत. भिंतीवर ‘इथे सगळ्यांचं स्वागत आहे’ अशा अर्थाची पाटी होती. पण स्वागत व्यायामाच्या हिशेबात असावं लागतं. पाटीने ते होत नाही.

हल्ली मी सोसायटीच्या हॉलमधल्या ‘हाय इंटेन्सिटी’ व्यायामाच्या वर्गाला जाते. शिकवणारी मुलगी पंचविशीतली. मी तिला ‘अगं’ म्हणते, ती मला ‘काकू’. तिच्या गळ्यात शिट्टी आहे. ती प्लास्टिकची आहे, पण मला आधी धडकीच भरली होती. ही शिट्टी वेळ संपला म्हणून वाजते. ४० सेकंद काम, २० सेकंद विसावा. त्या ४० सेकंदांत कुणी किती केले हे कुणी मोजत नाही. प्रत्येक प्रकाराची ती दोन-तीन रूपं दाखवते, आणि सोपं रूप आधी. एवढंच नाही, तर स्वतःही तेच करते. भिंतीला हात टेकून पुश-अप ती स्वतः करत असताना, तेच करणाऱ्या साठीच्या आजींना आपण वेगळ्या पंगतीत बसलोय असं वाटत नाही. ज्यांना जमिनीवर करायचं ते करतात.

बर्पीचंही तेच. नावानेच नवखे घाबरतात. रॉयल बर्पी या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात हा प्रकार बसवला तो सामान्य माणसाची तब्येत झटपट तपासायला: खाली बसा, पाय मागे टाका, पाय पुढे घ्या, उभे राहा. उड्या आणि जोर मागाहून चिकटले. आमच्याकडे जमिनीऐवजी खुर्चीच्या बैठकीवर हात टेकून, एकेक पाय मागे नेत हा चार टप्प्यांचा बर्पी चालतो. मामांनी तो पाहिला असता तर ‘सपाट्याच की या, बसून खाणाऱ्यांच्या,’ असं म्हणाले असते.

मग ‘हाय इंटेन्सिटी’ कुठे राहिली, असं माझ्या भाच्याने विचारलंच. तो ताबाताचा भक्त: २० सेकंद झोकून द्यायचं, १० सेकंद थांबायचं, असं आठ वेळा. जपानच्या स्पीड स्केटिंग संघाच्या सरावातली ही पद्धत इझुमी ताबाता यांनी तपासली आणि १९९६ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. मी त्याला नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमचं सांगितलं. उल्रिक विस्लॉफ आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये, हृदय कमकुवत झालेल्या आणि सरासरी पंचाहत्तरीच्या रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना देखरेखीखाली चार मिनिटं जोराचे असे चार फेरे करायला लावले होते, मध्ये तीन-तीन मिनिटं सावकाश. तेही चढ दिलेल्या ट्रेडमिलवर, चालत. मध्यम गतीने चालणाऱ्यांपेक्षा यांची क्षमता बरीच अधिक सुधारली. त्यांच्या हृदयाला तो चढ म्हणजे जोराचंच काम होतं. जोर किती, हे ज्याच्या त्याच्या छातीने ठरवायचं. आमची पोरगी त्यासाठी मधेच विचारते, ‘काकू, काल भाजी काय केलीत?’ सबंध वाक्य आलं तर म्हणते, ‘अजून थोडं.’ एखाद-दुसराच शब्द आला तर ‘बरोबर आहे.’ काहीच आलं नाही तर ‘बसा.’

सगळंच गोड आहे असं नाही. गाणी फार मोठ्याने लावते. शिवाय दर महिन्याला ग्रुपवर ‘स्टार ऑफ द मंथ’ टाकते: आधीचा फोटो, नंतरचा फोटो, खाली किलो. यावरून आमचं वाजलं. तिचं म्हणणं, ‘काकू, ते फोटो बघूनच नवीन लोक येतात, हॉलचं भाडं निघायला नको का?’ मी म्हटलं, येतात ते फोटो बघून आणि दोन महिन्यांत किलो हलले नाहीत की जातातही तेच बघून. ती तोंडावर मानत नाही. तूर्त तह असा झालाय: फोटो राहील, किलो जातील, आणि भाडं निघालं नाही तर पुढच्या महिन्यात किलो परत.