नवख्याचा नंबर

आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये दर महिन्याच्या सात तारखेला भिशीची चिठ्ठी निघते. बारा माणसे, माणशी हजार रुपये. घरी आम्ही तिला बीसी म्हणतो, मराठी शिकवणारे सर भिशी म्हणतात, पैसे तेवढेच. (हे 'आम्ही' म्हणजे आम्ही एकटेच. उर्दूत 'हम' म्हणायची जिभेला सवय लागली आहे आणि मराठी लिहितानाही ती सुटत नाही. वाचकांनी सांभाळून घ्यावे.) लिलावाची भिशी आमच्याकडे चालत नाही. बोली लावून कमी रक्कम उचलली की त्यात सूद शिरतो, असे जाणत्यांचे मत आहे. म्हणून नुसती चिठ्ठी. तीही पहिल्या वर्षी नव्या माणसाच्या वाट्याला येत नाही. त्याचे नाव डब्यात टाकतच नाहीत. त्याचा नंबर शेवटी, आणि दोन जुन्या सभासदांनी त्याला जामीन राहायचे.

२०१६ साली आम्ही या शाळेत लागलो तेव्हा हा नियम आम्हांला फार झोंबला होता. बी.एड. झालेल्या माणसावर बारा हजारांचा भरवसा नाही? आमचे वडीलधारे उर्दूचे सर, आता ते निवृत्त झाले, शांतपणे म्हणाले, "मियाँ, पहिल्या महिन्यात रक्कम उचलून दुसऱ्या महिन्यात बदली करून घेतलेला माणूस मी पाहिला आहे. तुम्ही तसे नाही, हे कळायला आम्हांला वर्ष लागेल. लागू द्या." आम्ही गप्प बसलो आणि बाराव्या महिन्याची वाट पाहिली.

त्यानंतर वर्षभराने, २०१७ च्या नोव्हेंबरात, आमचे दूल्हेभाई जव्हारला आले. खालाच्या मुलीचे शौहर, राहणार भिवंडी. एरवी ते उरुसाला येत आणि दोन दिवस राहून जात. या वेळी हातात लॅपटॉप होता आणि सोबत पांढऱ्या शर्टातले दोन तरुण. आमच्याच ओसरीवर चादर टांगून तिच्यावर चित्रे दाखवली. बिटकॉइनचा भाव कसा चढतो आहे त्याची रेघ होती, आणि ती रेघ तेव्हा खरोखरच उभी चढत होती. त्या डिसेंबरात एका बिटकॉइनचा भाव वीस हजार डॉलरच्या जवळ जाऊन पोचला. दूल्हेभाईंचे म्हणणे साधे होते. कंपनी तुमच्यासाठी नाणी 'खणते', तुम्ही फक्त पैसे लावा, दर महिन्याला परतावा. आणखी माणसे आणली तर वेगळा बोनस. "भाईजान, घर बैठे आमदनी है." समोसे झाले, कोल्ड्रिंक झाले. जो पैसे लावायला तयार होई त्याच्यासाठी टाळ्या वाजत. आम्हांला तर पुढची खुर्ची दिली, कारण आम्ही शिक्षक. जामीन कोणी विचारला नाही. थांबा, वर्षभर आम्हांला पारखा, असे कोणी म्हणाले नाही. भिशीतला अपमान ताजा होता आणि हा मान गोड लागला, हे कबूल करायला हवे.

तेव्हा आम्ही शिक्षणसेवक होतो. महिना आठ हजार मानधन, तेही वेळेवर मिळेल तर. वीस हजार रुपये आम्ही लावले. त्यातले बारा हजार भिशीचे होते.

गोष्ट एवढ्यावर राहिली असती तर ती लिहायला बसलो नसतो. वीस हजार गेले तर गेले, असे म्हणणारे आमच्या आसपास पुष्कळ आहेत. पण आमच्या शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या एक मावशी आहेत, मोखाड्याकडच्या एका पाड्यातल्या. त्या वेळी त्यांना महिना हजार रुपये मानधन होते. त्यांचा नवरा दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातो. जव्हार-मोखाड्यातून त्या दिवसांत घरेच्या घरे भिवंडी, वसईकडे निघतात हे या भागातल्या वाचकाला सांगायला नको. जाण्यापूर्वी भट्टीवाला उचल देतो आणि मग माणूस पाऊस येईपर्यंत ती फेडत विटा पाडतो. स्टाफरूममध्ये आमचे बोलणे मावशींच्या कानावर पडत असे. एक दिवस भांडी घासून झाल्यावर त्यांनी पदराची गाठ सोडली आणि सात हजार रुपये टेबलावर ठेवले. "गुरुजी, तुम्ही टाकले ना? मग माझेही टाका."

आम्ही टाकले. त्यांचा मोबाइल साधा, म्हणून खाते आमच्याच फोनवर उघडले. हनुमान पॉइंटकडे जाऊन, रेंज पकडून. त्याच संध्याकाळी आमच्या खात्यात सातशे रुपयांचा बोनस दिसू लागला. पडद्यावरचा तो आकडा पाहून आम्हांला बरे वाटले होते. आज ते आठवले की जीव नकोसा होतो.

मार्च २०१८ नंतर आकडे दिसत, पण पैसे निघत नसत. मे महिन्यात आकडेही दिसेनासे झाले. दूल्हेभाईंचा फोन बंद. नंतर कळले की त्यांनी स्वतःचे दोन लाख आणि खालाचे हजचे पैसे त्यात घातले होते. त्यांना चोर म्हणायला आमची जीभ रेटत नाही. त्यांना कोणी आणले, त्या माणसाला कोणी आणले, अशी साखळी मोजत गेलो तर शेवटी कोणीच सापडत नाही. आणि त्या साखळीत आमचेही नाव आहे, मावशींच्या नावाच्या बरोबर वर.

मग आम्ही वाचायला बसलो. उशिरा बसलो, पण बसलो. पुण्यात तेव्हा गेनबिटकॉइनचे प्रकरण गाजत होते. अमित भारद्वाज याने दरमहा दहा टक्के, तेही अठरा महिने, असा परतावा कबूल करून देशभरातून बिटकॉइन गोळा केल्याचा आरोप होता. एप्रिल २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी त्याला अटक केली. पुढे लोकांना बिटकॉइनऐवजी एमकॅप नावाचे घरचेच नाणे टेकवले गेले, असे तपासात आले. तपासयंत्रणांनी सांगितलेला आकडा ६,६०० कोटींच्या आसपास आहे. भारद्वाज जानेवारी २०२२ मध्ये वारला. त्याच वर्षी मार्चमध्ये, या तपासात पोलिसांना मदत करणारे दोन सायबर तज्ज्ञच पकडले गेले. त्यांतले एक माजी आयपीएस अधिकारी. जप्त करायच्या खात्यांतली नाणी त्यांनीच वळती केली, असा आरोप. राखणीला बसवलेल्यावर राखण कोण ठेवणार, हा प्रश्न आम्हांला तेव्हापासून सुटलेला नाही. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातले हे खटले सीबीआयकडे सोपवले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयने साठाहून जास्त ठिकाणी झडत्या घेतल्या. आमची योजना ही नव्हे. ती इतकी लहान होती की तिचे नाव पेपरात आले नाही. पण ओसरीवरची चादर तीच.

वाचताना एक गोष्ट कळली आणि लाज वाटली. मूळ बिटकॉइनच्या लोकांत नवख्यासाठी सक्त कायदे आहेत. सातोशी नाकामोतो या नावाने कोणीतरी ३१ ऑक्टोबर २००८ रोजी तो आराखडा मांडला, ३ जानेवारी २००९ रोजी पहिली नोंद झाली. नाणी एकूण दोन कोटी दहा लाखांच्या वर जाणार नाहीत. साधारण दर दहा मिनिटांनी व्यवहारांचे नवे पान वहीला जोडले जाते आणि ती वही जगभर हजारो संगणकांवर ठेवलेली असते. बँक नाही, मॅनेजर नाही, म्हणून तक्रारीची खिडकीही नाही. चुकीच्या पत्त्यावर पैसे गेले तर गेले. म्हणूनच त्यांच्यातले जुने लोक नवख्याला आधी दरडावतात: तुझी चावी कोणाला देऊ नकोस. मदतीच्या नावाने कोणी आपणहून आला तर तो लुटारू समज. दुप्पट करून देतो म्हणणाऱ्याला दारात उभा करू नकोस. आधी चार पैसे पाठवून पाहा, मग मोठी रक्कम. आणि ज्याने तुला आणले त्याला तुझ्या येण्याचे काय मिळते ते विचार.

चावी म्हणजे बारा किंवा चोवीस इंग्रजी शब्द, २,०४८ शब्दांच्या एका ठरलेल्या यादीतून आलेले. ते ज्याच्याजवळ, धन त्याचे. (ती यादी जपानी, कोरियन, स्पॅनिश, फ्रेंच अशा भाषांतही केलेली आहे. मराठी नाही, उर्दूही नाही. भाषेच्या मास्तराला असल्या गोष्टी लगेच खुपतात.) आम्हांला असे बारा शब्द कोणी दिलेच नव्हते. आमच्याजवळ होते एक नाव, एक पासवर्ड आणि पडद्यावरचा आकडा. म्हणजे बिटकॉइन आम्ही घेतलेच नव्हते. मग घेतले काय होते?

हाच प्रश्न मौलानांनी केला. एका जुम्यानंतर आम्ही त्यांना विचारायला गेलो होतो की हे हराम होते का. खरे तर आपला दोष बिटकॉइनवर ढकलावा अशी आमची छुपी इच्छा होती. ते म्हणाले, नाण्याबद्दल उलमांत एकमत नाही. त्यांचे खरे होते. मिसरचे मुफ्ती शौकी अल्लाम यांनी जानेवारी २०१८ मध्ये ते नाजायज ठरवले होते. पुढे मलेशियाच्या शरियत सल्लागार मंडळाने २०२० मध्ये नोंदणीकृत बाजारातल्या व्यवहाराला वाट दिली आणि इंडोनेशियाच्या उलमा मंडळाने नोव्हेंबर २०२१ मध्ये चलन म्हणून त्याचा वापर हराम म्हटला. "पण मास्टर," मौलाना म्हणाले, "ती पुढची बात. तुम्ही खरीदले काय, ते सांगा. पाण्यातली मासळी न पकडता विकणे मना आहे, हे तुम्ही मुलांना शिकवता. तुमच्या सौद्यात तर पाणीही नव्हते." मग त्यांनी कर्जाच्या आयतीची आठवण दिली. कुरआनातली सर्वांत लांब आयत देण्याघेण्याच्या लिखापढीबद्दल आहे. लिहिणारा हवा, साक्षीदार हवेत. आमची बी.एड.ची पदवी आहे, रोज फळ्यावर लिहितो, आणि मावशींच्या सात हजारांची साधी पावती आम्ही लिहिली नव्हती.

ती मग लिहिली. सात हजार आम्ही देणे लागतो, असे मराठीत लिहून दोघांच्या साक्षी घेतल्या. मावशी म्हणाल्या, "गुरुजी, तुमचेपण बुडले ना?" आमचे बुडणे आणि त्यांचे बुडणे एक नव्हते. त्यांचा नवरा ज्या पैशांसाठी त्या वर्षी भट्टीवर विटा पाडत होता ते पैसे आमच्या फोनमध्ये गेले होते. चार हप्त्यांत, दर वेळी सतराशे पन्नास, असे ते फेडले. प्रत्येक हप्त्याला त्यांचा अंगठा आहे.

कायद्याचे म्हणाल तर साखळीने माणसे आणून पैसे फिरवण्याला आपल्या देशात १९७८ पासून बंदी आहे, आणि २०१९ मध्ये बिनपरवाना ठेवींविरुद्ध आणखी एक कायदा झाला. रिझर्व्ह बँकेने २४ डिसेंबर २०१३ लाच या नाण्यांबद्दल सावध केले होते. तिने २०१८ मध्ये बँकांवर घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी उठवली. २०२२ पासून नफ्यावर तीस टक्के कर आहे. त्याला आमचे दूल्हेभाई आता 'सरकारची मान्यता' म्हणतात! कर घेतला म्हणजे हमी दिली असे होत नाही, हे त्यांना समजावून आम्ही थकलो. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्ससारख्या नावाजलेल्या बाजारातून तेवीस कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली आणि लोकांना कित्येक महिने आपले पैसे काढता आले नाहीत. ही उदाहरणे आता आम्हांला पाठ आहेत, कारण गावात आमचे नाव 'बिटकॉइनवाले सर' पडले आहे. कोणाच्या मुलाला फोनवर कसला ग्रुप सापडला, कोणाला भाव दुप्पट होण्याचा निरोप आला, की तो आमच्याकडे येतो. फसला असेल तर आम्ही आधी १९३० हा नंबर लावून देतो, चहा नंतर.

फसला नसेल तर त्याला भिशीच्या वहीचे शेवटचे पान दाखवतो. २०१८ च्या पावसाळ्यात आम्ही त्यावर काही कलमे लिहिली आणि सर्वांच्या सह्या घेतल्या. भिशीतल्या कोणीही कसलीही कमाईची योजना आणली तर ती सर्वांसमोर मांडावी, एकट्यादुकट्याला कोपऱ्यात घेऊन नव्हे. माणूस आणल्याबद्दल काही मिळणार असेल तर ते आधी सांगावे. ऐकल्यावर पंधरा दिवस कोणी पैसा काढू नये. ज्याला वाचता येत नाही त्याचे पैसे दुसऱ्याच्या फोनवर लावू नयेत. आणि ज्याने अशा योजनेत दुसऱ्याला ओढले असेल त्याने भिशीत कोणाला जामीन राहू नये. हे शेवटचे कलम लिहिताना आमचा हात थांबला होता. मराठीचे सर समोर बसले होते. ते काही बोलले नाहीत, म्हणून लिहिले.

गेल्या जूनमध्ये मावशी भिशीत यायचे म्हणाल्या. मानधन थोडे वाढले आहे, मुलगी दहावीला आहे. सर्वांनी होकार दिला. जामीन कोण, असे विचारताच आम्ही हात वर केला. मराठीच्या सरांनी वही उलटून शेवटचे पान काढले आणि आमच्यासमोर सरकवले.

"तुमचा जामीन चालत नाही, सर."

मावशींनी आमच्याकडे पाहिले, मग वहीकडे. चित्रकलेचे सर आणि शिपाईमामा जामीन राहिले. मावशींचे नाव डब्यात टाकले नाही. त्यांचा नंबर बारावा.